सव्वीस नंबरची दाढ

कॅन्सरच्या डॉक्टरांकडून माझ्याकडे चिठ्ठी येते तेव्हा तिच्यावर दोनच शब्द असतात: डेंटल क्लिअरन्स. केमो दिली की आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. एरवी वर्षानुवर्षं गप्प बसलेली सडकी दाढ त्या दिवसांत जिवावर बेतू शकते, म्हणून आधी तोंड तपासून घ्यायचं. पेशंटला हे कुणी नीट सांगत नाही. त्याला वाटतं, आता दातही बघायला सांगितले म्हणजे आजार तिथवर पोचला.

त्या दिवशी चिठ्ठी काकांच्या खिशात होती. काका-काकू इंदूरच्या लोकमान्य नगरचे, माझे फार जुने पेशंट. काकूंना डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला होता आणि पहिली केमो चौदा दिवसांवर होती. काकांनी चिठ्ठी नंतर काढली, आधी मोबाइल पुढे केला. व्हिडिओत एक जण इंग्रजीत सांगत होता की कॅन्सरच्या ९७ टक्के पेशंटांना रूट कॅनाल झालेलं असतं, आणि ज्या बाजूची दाढ त्याच बाजूचा स्तन.

“डावी दाढ, डावी बाजू,” काका म्हणाले. “२०११ साली तुम्हीच केली होती. मी भांडायला आलो नाहीये, डॉक्टर. काढून टाका, एवढंच म्हणून राहिलोय.”

हा व्हिडिओ मला नवा नव्हता. आमच्यातले काही जण असं कुणी बोललं की हसतात, “मोबाइलवरचं काय घेऊन बसलात” म्हणून वाटेला लावतात. मला ते चीड आणतं. बायकोचा रिपोर्ट हातात पडल्यापासून जो माणूस झोपलेला नाही, त्याला हसायचं काय कारण? मी बाहेरच्या दोन अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या आणि खुर्ची ओढून बसले.

मी त्यांना सांगितलं की ही भीती शंभर वर्षांची आहे. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलच्या भाषणात दातांच्या घाणेरड्या कामांवर आजारांचं खापर फोडलं. पुढे अमेरिकेत वेस्टन प्राइस यांनी आजारी माणसांचे रूट कॅनाल केलेले दात काढून सशांच्या कातडीखाली बसवले. ससे आजारी पडले, मेले. १९२३ साली त्यांनी ते सगळं दोन जाड खंडांत छापलं. त्या काळात चांगलेच्या चांगले दात पोत्याने उपटले गेले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात तर हेन्री कॉटन नावाचे डॉक्टर वेड बरं व्हावं म्हणून पेशंटांचे दात काढत होते. मग इतरांनी तेच प्रयोग नीट करून पाहिले आणि कोडं सुटलं. दात उपटताना हिरडीतले जंतू त्याला लागतात, आणि एवढ्याशा सशाच्या अंगात एवढा जंतूंचा साठा घातला तर तो आजारी पडणारच.

“आणि ते ९७ टक्के?” काकांनी विचारलं. माणूस बँकेतून रिटायर झालेला, आकडा सोडणारा नव्हे.

मी म्हटलं, “काका, तुमच्या गल्लीतल्या साठीपुढच्या लोकांना विचारून बघा, किती जणांचं रूट कॅनाल झालंय. ज्यांना कॅन्सर नाही त्यांनाही विचारा. व्हिडिओवाल्यांनी त्यांना विचारलेलंच नाही.”

काकांनी मान हलवली. तोंडाचा बाकीच्या शरीराशी संबंध नाही, असं मी कधीच म्हणत नाही. हृदयाची झडप बदललेली असेल तर दाढ काढण्याआधी तासभर मी स्वतः उभी राहून दोन ग्रॅम अमॉक्सिसिलिन गिळायला लावते, कारण तोंडातले जंतू रक्तातून जाऊन त्या झडपेवर घर करू शकतात. हेही सांगितलं. माझं बोलणं चांगलं चाललं होतं. आणि मग मी काकूंच्या तोंडात आरसा घातला.

वरची डावी पहिली मोठी दाढ, आमच्या भाषेत सव्वीस नंबर. कॅप शाबूत, कडा घट्ट. पण हिरडीवर, मुळाच्या बरोबर वर, मोहरीएवढी फोड.

“ती होय?” काकू म्हणाल्या. “अगं, ती येते-जाते. मिठाच्या गुळण्या केल्या की बसते. दोन वर्षं तरी झाली असतील. दुखत नाही, म्हणून नाही आले.”

दुखत नाही, कारण पू बाहेर पडायला वाट मिळालेली असते. ही वाट कुठल्या मुळातून येते ते बघायची एक साधी युक्ती आहे. रूट कॅनाल भरायला जी गटापर्चाची, म्हणजे रबरासारख्या पदार्थाची काडी वापरतो, तीच बारीक काडी फोडीच्या तोंडातून हलक्या हाताने आत सरकवायची, अडेल तिथे सोडायची आणि एक्स-रे घ्यायचा. काडी बोट दाखवते. आमच्या सगळ्या यंत्रांत मला हीच गोष्ट सगळ्यात प्रामाणिक वाटते. पडद्यावर काडी वळत वळत पुढच्या गालाकडच्या मुळाच्या टोकाशी जाऊन थांबली होती, आणि तिथे मुळाभोवती काळी सावली होती.

एक्स-रेच्या जुन्या फिल्म मी टाकत नाही. २०११चा डबा काढला. ती फिल्म मला आठवत होती, कारण ती मला अभिमानाची वाटली होती: रबर डॅम, म्हणजे थुंकी दाढेत जाऊ न देणारा रबरी पडदा लावून केलेलं काम, मुळांच्या आतल्या तीन नळ्या, म्हणजे तीन कॅनाल, तिन्ही टोकापर्यंत भरलेले, कुठे पोकळी नाही. आता तीच उजेडात धरली आणि पोटात गोळा आला. पुढच्या मुळातली भरलेल्या कॅनालची पांढरी रेघ मुळाच्या मध्यातून जात नव्हती, एका कडेला सरकलेली होती. रेघ कडेला असेल तर दुसऱ्या कडेला काय आहे, हा प्रश्न पडायला हवा होता. वरच्या पहिल्या दाढेच्या त्या मुळात अर्ध्याहून जास्त वेळा दुसरा कॅनाल असतो. केसाएवढा, वर डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराचा पातळ ओठ आलेला. आज मी तो मायक्रोस्कोपखाली अल्ट्रासॉनिक टिपने खरवडून शोधते, हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचा थेंब टाकून बुडबुडे कुठून उठतात ते बघते. २०११ साली माझ्याकडे मायक्रोस्कोप नव्हता. पण एक्स-रेची नळी थोडी तिरकी करून दुसरी फिल्म घ्यायला मायक्रोस्कोप लागत नाही. ती मी घेतली नव्हती. आणि तेरा वर्षांत काकूंना एकदाही फोन करून, या, एक एक्स-रे काढून बघू, असं म्हटलं नव्हतं. आम्ही कुणीच म्हणत नाही. कॅप बसली, पैसे मिळाले, पेशंट बरा झाला असं धरून चालतो.

मी दोघांना दोन्ही एक्स-रे दाखवले. म्हटलं, “इथे एक कॅनाल राहून गेला. माझ्याकडून राहिला. त्यात जंतू आहेत आणि केमोच्या आधी याचा निकाल लावावा लागेल.”

काका बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, “म्हणजे व्हिडिओ खरा निघाला.”

मी म्हटलं, नाही. दाढेत पू आहे हे खरं, त्यामुळे कॅन्सर झाला हे खोटं. मला स्वतःलाच ते वाक्य वकिली वाटलं.

काकू तोवर गप्प होत्या. बिब काढून त्याची घडी घालत त्यांनी विचारलं, “मग हे माझ्या हट्टामुळे नाही ना झालं? तेव्हा हे म्हणत होते काढून टाक, तीनशे रुपयांत काम होतंय. मीच म्हटलं होतं, दाढ वाचवायची.”

तेव्हा मला कळलं की व्हिडिओ आल्यापासून त्या घरात काय चाललं असेल. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, “नाही काकू. अजिबात नाही.” हे म्हणताना मला कुठलाही अभ्यास आठवावा लागला नाही.

दाढ पुन्हा उघडून राहिलेला कॅनाल शोधता आला असता. एरवी मी तेच केलं असतं आणि दाढ बहुतेक वाचलीही असती. पण असं पुन्हा उघडून केलेल्या कामानंतर कधी कधी दाढ उसळते, म्हणजे एकदम दुखून सुजते. ती पेशी खाली गेलेल्या आठवड्यात उसळली तर? आणि भरून येतंय की नाही हे कळायला काही महिने लागतात. काकूंच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, शंका ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढ काढली. रूट कॅनाल झालेली दाढ ठिसूळ असते, ओढली की कडकन मोडते आणि वर लगेच सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली पोकळी. म्हणून कॅप कापली, तिन्ही मुळं ड्रिलच्या बारीक टोकाने वेगळी केली, एकेक करून बाहेर घेतली. टाके घातले. काकूंना काही जाणवलं नाही.

त्या गेल्यावर मी पुढचं मूळ आडवं कापलं आणि मायक्रोस्कोपखाली धरलं. एका बाजूला गुलाबी गटापर्चा, घट्ट भरलेला, सुंदर. दुसऱ्या बाजूला एक रिकामा काळा ठिपका.

जखम वेळेत भरली, केमो ठरल्या तारखेला सुरू झाली. काका भेटेल त्याला सांगतात की डॉक्टरबाईंनी रूट कॅनालची दाढ केमोच्या आधी काढली. यात एक शब्द खोटा नाही. तीन आठवड्यांनी त्यांच्याच गल्लीतल्या एक बाई आल्या. रूट कॅनालच्या दोन दाढा, दोन्ही काढायच्या. सरळ आणि तिरके, चारही एक्स-रे घेतले. दोन्ही दाढा निरोगी. मी नकार दिला. “काकूंची काढलीत, मग माझी का नाही?” या प्रश्नाला मी पाऊण तास उत्तर देत होते. त्या उठून गेल्या. कुणीतरी काढून देईल.

काकूंची दाढ काढायला नको होती का, हे मी रोज स्वतःला विचारते, आणि रोज उत्तर येतं की काढायलाच हवी होती.

रविवारी २०११चा तो डबा पुन्हा घेऊन बसले आणि वरच्या पहिल्या दाढांच्या फिल्म वेगळ्या काढल्या. रेघ कडेला सरकलेल्या नऊ निघाल्या. पाच जणांना फोन लागले, दोघं येऊन एक्स-रे काढून गेले. चार नंबर आता अस्तित्वात नाहीत. त्यांचे जुने पत्ते कार्डावर आहेत, त्यातला एक सुदामा नगरचा आहे.