थॉमस गॅरेट आणि बारा मैलांची वेस

न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला जाणारे आपले पाहुणे डेलावेअर राज्यातलं विल्मिंग्टन गाडीच्या खिडकीतूनच बघतात. इथे जरूर उतरावं. स्टेशनजवळच, ख्रिस्तीना नदीच्या काठावर टबमन-गॅरेट पार्क आहे. स्वतः गुलामीतून पळून पुढे इतरांना सोडवून आणणारी हॅरिएट टबमन आणि अशा पळालेल्यांना मदत करणारा थॉमस गॅरेट यांचं तिथलं कांस्यशिल्प २०१२ साली उभारलं गेलं. बहुतेक जण फोटो काढून निघतात. पण गॅरेट समजून घ्यायचा तर जवळचा मार्केट स्ट्रीटचा पूल आणि न्यू कॅसल गावातलं जुनं कोर्ट पाहायलाच हवं.

गॅरेट हा लोखंडाचा व्यापारी, क्वेकर या गुलामगिरीला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा. १८२२ साली तो विल्मिंग्टनला आला. डेलावेअरमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती. उत्तरेला सात-आठ मैलांवर मुक्त पेनसिल्व्हेनिया. त्यामुळे दक्षिणेकडून पळून येणाऱ्यांना सगळ्यात मोठा धोका इथेच, शेवटच्या टप्प्यावर. नोव्हेंबर १८५६ मध्ये टबमन पळालेल्या गुलामांचा एक गट घेऊन नदीपर्यंत आली, तेव्हा पुलावर पहारा होता. गटातल्या एकट्या जो बेलीवर १,५०० डॉलरचं इनाम लागलेलं. गॅरेटने दोन गाड्या भरून गवंडी पलीकडे पाठवले, गात-ओरडत, जणू मजेत कामाला निघालेत. अंधार पडल्यावर त्याच गाड्या तशाच गात परत आल्या. गवंडी बाकांवर, पळालेली माणसं खाली तळाशी. सकाळी गेलेलीच मंडळी परतताहेत म्हणून पहारेकऱ्यांनी गाड्या सोडल्या.

एरवीची मदत साधी असे. डिसेंबर १८५४ च्या एका पत्रात तो कळवतो की, टबमन आणि तिच्याबरोबरचा एक माणूस यांच्या पायातले जोडे झिजून गेले होते, म्हणून दोन डॉलर दिले आणि पुढच्या प्रवासाला स्वतःच्या खर्चाने घोडागाडी सांगितली. या कामात जोडे, गाडी आणि पुढच्या घरचा भरवशाचा पत्ता यांचं मोल फार.

अशाच एका भाड्याच्या गाडीने त्याला कोर्टात खेचलं. १८४५ च्या डिसेंबरात हॉकिन्स कुटुंब पकडलं गेलं. बाप स्वतंत्र, पण बायको-मुलांवर मालक हक्क सांगत होते. अटकेचे कागद सदोष निघाले, न्यायाधीशांनी त्यांना सोडलं आणि गॅरेटने त्यांच्यासाठी गाडी ठरवली. मालकांनी पळालेल्या गुलामांबद्दलच्या १७९३ च्या कायद्याखाली दावे लावले. १८४८ मध्ये न्यू कॅसलच्या कोर्टात निकाल विरुद्ध गेला: ५,४०० डॉलर, पुढे तडजोडीत १,५००. हे दिवाणी दावे होते, तुरुंगवासाचा प्रश्न नव्हता. त्याचं सर्वस्व लिलावात गेलं ही लोकप्रिय कथा त्या तडजोडीशी जुळत नाही, म्हणून जपूनच सांगावी. या खटल्यात सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश रॉजर टेनी बसले होते, ज्यांनी पुढे १८५७ मध्ये कृष्णवर्णीयांना अमेरिकेचं नागरिकत्व नाकारणारा ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल दिला.

कोर्टाच्या आवारात उभं राहून वर घुमटीकडे बघा. डेलावेअरची उत्तर सीमा त्या घुमटीपासून बारा मैलांची त्रिज्या धरून आखलेली आहे. म्हणजे गुलाम राज्य कुठे संपतं ती वेस जिथून मोजली, त्याच इमारतीत ती वेस ओलांडायला मदत करणाऱ्याला दंड झाला. आमच्या मते गॅरेटचं खरं स्मारक हेच.

गॅरेट २५ जानेवारी १८७१ रोजी गेला. शहरातल्या कृष्णवर्णीयांनी त्याची शवपेटी खांद्यावर वाहिली. फोर्थ आणि वेस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या क्वेकर प्रार्थनागृहाच्या आवारात त्याला पुरलं आहे. तिथे आजही प्रार्थना होते, तेव्हा आधी विचारून जा. दोनच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांतलाच हा एक.

सुमारे २,७०० जणांना त्याने मदत केली असं सांगतात. हा आकडा एकट्या गॅरेटच्या नावावर टाकणं मात्र अन्यायाचं आहे. १८६० साली डेलावेअरमध्ये गुलाम १,७९८ आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय जवळपास वीस हजार होते. रात्री वाट दाखवणारे, गाड्या हाकणारे बरेचसे त्यांच्यातले. पकडले गेले तर त्यांच्यावर दंडापेक्षा कितीतरी भयंकर वेळ येई. जोसेफ वॉकर, कॉमेगिस मन्सन, सेव्हर्न जॉन्सन, हॅरी क्रेग ही नावं गॅरेटबरोबर घ्यावीत.