कोवर्किंग नेमकं कशाला म्हणायचं?

"वरचा मजला रिकामाच आहे. टेबलं-खुर्च्या टाकल्या, वायफाय घेतलं, एसी बसवला की झालं ना कोवर्किंग?" रामबाग, स्नेहलतागंज, लोकमान्य नगर, इंदूरच्या मराठी घरांमधल्या काकू-काकांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. पलासियाजवळच्या अशाच एका जागेची व्यवस्था मी बघते, म्हणून मलाच विचारतात. मुलं पुण्या-बेंगळुरूला, घर मोठं, तेव्हा विचारणं रास्तच आहे. पण एवढ्यानं होत नाही.

एकदा भंवरकुव्याला चक्कर मारून या. कोचिंगच्या मुलांसाठी तिथे गल्लोगल्ली 'लायब्ऱ्या' आहेत. महिन्याच्या भाड्यानं सीट, लॉकर, एसी, वायफाय, सगळं मिळतं. पण शेजारच्याशी बोलायचं नाही. एमपीपीएससीचा, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा, अभ्यास करणाऱ्याला हवी तीच शांतता, त्यामुळे त्यात गैर काहीच नाही. फक्त ते कोवर्किंग नव्हे. भाड्यानं तयार ऑफिस मिळण्याची सोयही जुनीच आहे. रेगस कंपनीनं ब्रसेल्समध्ये १९८९ सालीच हा धंदा सुरू केला होता. खोली तुमची, रिसेप्शनिस्ट सामायिक, दार बंद.

मग कोवर्किंगची सुरुवात जिथे झाली म्हणतात, त्या सॅन फ्रान्सिस्कोत २००५ साली वेगळं काय घडलं? ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरला स्वतंत्र काम करायचं होतं, पण ऑफिसातली शिस्त आणि माणसंही हवी होती. त्यानं आठवड्यातले दोन दिवस एक जागा घेतली, पाच-आठ टेबलं मांडली. दुपारचं जेवण एकत्र आणि पावणेसहाला बंद. ते 'जेवण एकत्र' मला फार महत्त्वाचं वाटतं. टेबलं तर कुठेही मिळतात.

आमच्याकडचंच सांगते. एक ग्राफिक डिझायनर मुलगी परदेशी क्लायंटचं काम करते. नवीनच जीएसटी नोंदणी झालेली, आणि बिलावर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या व्यवहारांवरचा जीएसटी) लावायचा की नाही या काळजीत चहा निवत चाललेला. पलीकडच्या टेबलावर एक सीए बसतात. मी दोघांची ओळख करून दिली. "अगं, एलयूटी भरलंस का?" त्यांनी खुर्ची ओढली, पोर्टल उघडायला लावलं आणि फॉर्म तिच्याच हातानं भरून घेतला. सेवा निर्यात करताना आधी कर भरावा लागू नये म्हणून एलयूटी हे हमीपत्र असतं, आणि दर आर्थिक वर्षाला ते नव्यानं द्यावं लागतं, हेही तिथेच समजलं. पुढे त्याच सीएंच्या फर्मचं लेटरहेड तिनं केलं, तेही रीतसर बिल देऊन.

माझ्या लेखी कोवर्किंग ते हेच. वेगवेगळ्या धंद्यांतली, वेगवेगळ्या मालकांची किंवा स्वतःचंच काम करणारी माणसं आपल्या मर्जीनं एका छताखाली बसतात, आणि त्यांची गाठ घालून देणं हे तिथे कुणाचं तरी रोजचं काम असतं. कोण काय करतं, कुणाचं काय अडलंय, कोण चार दिवस फिरकलं नाही, हे त्या माणसाला ठाऊक हवं. फोनवर मोठ्यानं बोलणाऱ्याला "भिया, जरा बाहेर" म्हणायची जबाबदारीही त्याचीच. हे काम पगार देऊन करून घेण्याच्या लायकीचं आहे आणि भाड्याचा हिशेब मांडताना लोक नेमकं तेच विसरतात.

कॅफेत लॅपटॉप उघडून बसणाऱ्यांना उद्या तीच माणसं भेटतील याची खात्री नसते. काही ठिकाणी जीएसटी नोंदणीपुरता नुसता पत्ता विकतात. सोय आहे, पण तिथे कुणी बसतच नाही. आणि अख्खा मजला एकाच कंपनीनं घेतला, तर बाहेर पाटी कसलीही असो, ते त्या कंपनीचं ऑफिस झालं.

तेव्हा काकू, आधी फर्निचरवाल्याला बोलावू नका. जेवणाचं मोठं टेबल असेलच. ओळखीतले पाच जण पाच वेगळ्या कामांतले बोलवा, आठवड्यातले दोनच दिवस, डबे एकत्र उघडा. दिवसभर खाली-वर करून त्यांच्याकडे बघायला तुम्हाला किंवा काकांना आवडतंय का, ते बघा. नाही आवडलं तर मजला सरळ एखाद्या कंपनीला द्या. भाडं वेळेवर येईल आणि डोक्याला ताप नाही.