विज्ञानातलं दोन मार्कांचं उत्तर, आणि गाळलेलं मधलं वाक्य

प्रिलिमचे पेपर तपासतेय सध्या, आमच्या सिडकोतल्या क्लासच्या दहावीच्या पोरांचे, आणि खरं सांगते जीव तुटतो. पोरांना येतंय सगळं, तोंडी विचारलं तर धडाधड सांगतात, पण पेपरात दोन मार्कांच्या उत्तराला एकच मार्क द्यावा लागतो. म्हणून हे लिहायला घेतलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाला बसणाऱ्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी पण वाचा.

आधी हिशोब बघा. विज्ञान भाग 1 आणि भाग 2, दोन्ही 40-40 मार्कांचे, प्रत्येकी दोन तास. त्यात शास्त्रीय कारणांचे 4, दोन-दोन मार्कांच्या तीन प्रश्नांचे 6 आणि तीन-तीन मार्कांच्या पाच प्रश्नांचे 15, म्हणजे 40 पैकी 25 मार्क छोट्या उत्तरांतच आहेत! सगळे रात्रंदिवस त्या शेवटच्या पाच मार्कांच्या प्रश्नाचं टेन्शन घेतात, त्यात तर दोनातला एकच सोडवायचा असतो. आणि वेळ म्हणाल तर एका मार्काला तीन मिनिटं येतात, दोन मार्कांना सहा, म्हणजे घाईघाईत एका ओळीत गुंडाळायची काहीच गरज नाही.

आता शास्त्रीय कारण घ्या. "हिरवा थर चढलेली तांब्याची भांडी स्वच्छ करायला लिंबू किंवा चिंच वापरतात." आपल्या भांडी बाजारात तांब्याच्या घागरी बघतच ही पोरं मोठी झालीत, घरी आजी देवाची भांडी चिंचेनेच घासते, तरी निम्म्या पेपरात एवढंच लिहिलेलं की चिंचेत आम्ल असतं म्हणून भांडी स्वच्छ होतात. चूक नाहीये हे, पण तो हिरवा थर आहे कशाचा, आला कुठून, आणि आम्लाने त्याचं नक्की काय होतं? मार्क तिथे आहेत. माझ्या पोरांना मी असं लिहायला लावते:

1. तांब्यावर दमट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची अभिक्रिया होऊन कॉपर कार्बोनेटचा हिरवट थर जमतो.
2. लिंबात सायट्रिक आम्ल आणि चिंचेत टार्टारिक आम्ल असते.
3. या आम्लात कॉपर कार्बोनेटचा थर विरघळून निघून जातो व खालचे तांबे चकाकू लागते, म्हणून लिंबू किंवा चिंच वापरतात.

बस, तीन वाक्यं. आधी काय घडलं, मग वापरलेल्या वस्तूत काय आहे, मग दोघांचं मिळून काय झालं. पोरं पहिलं आणि शेवटचं लिहितात आणि मधला दुवा डोक्यातच ठेवतात, "ते तर माहितीच असतं ना मॅडम" म्हणतात. अरे पण तपासणाऱ्याला तुझ्या डोक्यातलं कसं दिसणार, त्याच्यापुढे फक्त कागद आहे आणि शेजारी गठ्ठा पडलाय. आकडे घालून मुद्दे लिहिले की त्याला मुद्दा शोधावा लागत नाही. काही जण अख्खा प्रश्न परत उतरवून मग उत्तर सुरू करतात, ते मला अजिबात पटत नाही, त्यात वेळ जातो आणि मार्क शून्य.

फरक स्पष्ट करा मध्ये दोन रकाने सगळेच आखतात, पण समोरासमोर एकच मुद्दा हवा हे विसरतात. एका पेपरात सूत्री विभाजनाखाली लिहिलंय "दोन पेशी तयार होतात" आणि त्याच्यासमोर अर्धगुणसूत्री विभाजनाखाली "जननपेशी तयार होताना घडते". दोन्ही वाक्यं बरोबर, पण हा फरक झालाच नाही! दोन पेशींच्या समोर चार पेशीच यायला हव्यात, आणि गुणसूत्रांची संख्या तेवढीच राहते याच्यासमोर ती निम्मी होते हे.

विज्ञानातल्या गणितात तर सगळ्यात जास्त हळहळ वाटते. अंतर्गोल भिंगाचं नाभीय अंतर 50 सेमी दिलं, शक्ती काढा. एवढं सोपं, तरी काही जण सरळ एक भागिले 50 करून मोकळे होतात. आधी दिलेलं लिहा, भिंग अंतर्गोल आहे म्हणून उणे 50 सेमी, म्हणजे उणे 0.5 मीटर. मग सूत्र लिहा (शक्ती म्हणजे एक भागिले मीटरमधलं नाभीय अंतर), मग किमती घाला, आणि उत्तर उणे 2 डायॉप्टर. उणे चिन्ह गेलं तर भिंगच बदललं, ते बहिर्गोल झालं, आणि एकक नसेल तर नुसत्या 2 ला काही अर्थच नाही. सूत्र आणि किमती नीट मांडल्या असतील तर शेवटची आकडेमोड हुकली तरी तेवढ्या पायऱ्यांचे मार्क मिळण्याची आशा राहते.

बाकी आकृती पेन्सिलने, नावं एकाच बाजूला सरळ रेषेत, प्रत्येक मुख्य प्रश्न नवीन पानावर, आणि उपप्रश्नाचा नंबर प्रश्नपत्रिकेत आहे तोच. सेमी इंग्रजीवाल्यांनाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे.

आणि आईवडिलांनो, तुम्हाला विज्ञान येत नसलं तरी चालेल, रोज रात्री एक शास्त्रीय कारण सहा मिनिटं लावून लिहून घ्या आणि वाचताना प्रत्येक वाक्याला फक्त "का?" विचारा. जिथे पोरगं तोंडाने सांगायला लागेल ना, तेच वाक्य कागदावर राहिलंय, ते तिथल्या तिथे लिहायला लावा.