मद्रासचं साटंलोटं

माझ्या आत्याचं लग्न साटंलोट्यात झालं. ती त्यांच्या घरी गेली आणि तिची नणंद आमच्या घरी काकू म्हणून आली. इकडे काकूचं काही बिनसलं की साताऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आत्याच्या सासरी भांडी आपटायची. आमच्या घरात हे इतक्या वेळा सांगून झालंय की आता त्यावर हसतात.

गेल्या जानेवारीत आत्या पहिल्यांदाच चेन्नईला माझ्याकडे आली. देवळं झाली, समुद्र झाला, साड्या झाल्या. एका सकाळी तिला म्हटलं, चल, किल्ला बघू. सेंट जॉर्जचा किल्ला ऐकून तिने मान वर केली आणि आत शिरल्यावर खाली घातली. "हा किल्ला? चढण कुठाय?" अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आयुष्य काढलेल्या बाईला समुद्राच्या पातळीवरचा किल्ला दाखवणं तसं अवघडच. आत सचिवालय आणि विधानसभा असल्यामुळे पोलिसांनी तिची पिशवी उपसली, त्यातल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उघडून बघितला. संग्रहालयात कॉर्नवॉलिसच्या पुतळ्यापाशी ती बसली आणि म्हणाली, सांग आता.

मी सांगायला लागले. तिकडे युरोपात इंग्रज आणि फ्रेंचांची लढाई चालू होती, तेव्हा सप्टेंबर 1746 मध्ये ला बूर्दोने नावाचा फ्रेंच आरमारी अधिकारी जहाजं घेऊन आला, त्याने थोडे दिवस तोफा डागल्या आणि इंग्रजांनी मद्रास त्याच्या हवाली केलं. त्याला गाव ठेवायचंच नव्हतं. अकरा लाख पॅगोडा घेऊन ते इंग्रजांना परत द्यायचं, असा त्याचा सौदा ठरला. पॅगोडा म्हणजे आपले होन, सोन्याचे. पण पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले याला तो सौदा मान्य नव्हता. दोघांची जुंपली, त्यात ऑक्टोबरच्या वादळाने ला बूर्दोनेची जहाजं मोडली, तो निघून गेला आणि पुढे फ्रान्सला पोचल्यावर बास्तीयच्या तुरुंगात पडला. डुप्लेने करार धाब्यावर बसवून मद्रास ठेवून घेतलं. अर्काटचा नवाब अन्वरुद्दीन याला त्याने आधीच शब्द दिला होता की मद्रास घेतलं की तुम्हालाच देऊ. तोही शब्द गेला. चिडलेल्या नवाबाने मुलाबरोबर मोठी फौज पाठवली. अड्यार नदीकाठी काहीशे फ्रेंच आणि त्यांच्या हाताखालच्या देशी शिपायांनी तिला पळवून लावलं.

"मग इंग्रजांनी परत कसं घेतलं?"

घेतलं नाही, हीच तर गंमत. प्रयत्न केला, पण तो पाँडिचेरीवर. अ‍ॅडमिरल बॉस्कॉवेन 1748 च्या ऑगस्टात मोठं आरमार घेऊन आला, वेढा घातला, पावसाळ्यापर्यंत हजाराहून जास्त माणसं गमावली आणि ऑक्टोबरात वेढा उठवला. त्याच ऑक्टोबरच्या 18 तारखेला तिकडे जर्मनीत आखेनला, ज्याला फ्रेंच एक्स-ला-शापेल म्हणतात, तहावर सह्या झाल्या. तहाचा मसुदा तर 30 एप्रिललाच ठरला होता. म्हणजे पाँडिचेरीच्या चिखलात माणसं मेली तेव्हा युरोपातली लढाई जवळजवळ मिटलेली होती. बातमीला समुद्रातून यायला महिने लागायचे.

आणि तहात काय ठरलं? फ्रेंचांनी मद्रास सोडायचं, त्याच्या बदल्यात इंग्रजांनी लुईबर्ग सोडायचं. लुईबर्ग आजच्या कॅनडात, केप ब्रेटन बेटावर. आत्याने विचारलं, तिथे काय पिकतं? काहीच नाही, मासे. कॉड नावाचा मासा खारवून, वाळवून युरोपात जायचा, शिवाय सेंट लॉरेन्स नदीच्या वाटेवर नजर ठेवायला ते बंदर सोयीचं. "म्हणजे सुकटीच्या गावासाठी हे एवढं गाव दिलं?" सुकट हा शब्द तिने ज्या सुरात काढला त्यावरून देशावरची माणसं मासळीकडे कसं बघतात ते कळावं.

पण ते सुकटीचं गाव घेताना अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या इंग्रज वसाहतींमधल्या शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी, दुकानदारांनी 1745 मध्ये सहा-सात आठवडे वेढा चालवला होता. लढाईत मेले त्याच्या कितीतरी पट, नऊशेच्या आसपास माणसं, पुढच्या हिवाळ्यात तिथे पहारा देताना रोगराईने मेली. तीन वर्षांनी लंडनने ते बंदर एका सहीत परत देऊन टाकलं. त्यातल्याच मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या लोकांचा संताप शमवायला खर्चाची भरपाई म्हणून स्पॅनिश चांदीच्या नाण्यांच्या 217 पेट्या आणि तांब्याच्या नाण्यांची शंभर पिंपं बोस्टनला पोचवली गेली. लुईबर्ग फ्रेंचांना परत देऊ याची हमी म्हणून दोन इंग्रज उमरावांना पॅरिसला ओलीसही ठेवलं होतं. पॅरिसमध्येही कोणी खूश नव्हतं. जिंकलेलं बेल्जियम राजाने हातचं घालवलं, म्हणून तिथे म्हणच पडली, 'तहासारखा मूर्ख'.

आत्या सगळं ऐकून म्हणाली, "अगं, हे साटंलोटंच की. पण आमच्या वेळेला निदान मानपान तरी झाला होता."

मला हे वर्षानुवर्षं वाचूनही सुचलं नव्हतं. आणि साटंलोट्यात होतं तेच पुढे झालं. कागदावर शांतता आली आणि किनाऱ्यावर दोन्ही कंपन्यांचे शिपाई रिकामे बसले. रिकामा शिपाई खर्चात टाकतो. मग त्यांना भाड्याने द्यायला सुरुवात झाली. इंग्रजांनी 1749 मध्ये पहिला हात घातला तो आपल्याच माणसांवर. तंजावरच्या भोसल्यांच्या गादीवर प्रतापसिंह होता आणि गादीवरून हटवलेला एक शहाजी इंग्रजांकडे मदत मागायला आला होता. इंग्रजांनी त्याची बाजू घेऊन कोळ्ळिडम नदीच्या मुखाजवळचं देवीकोट्टै घेतलं. ते मिळाल्यावर प्रतापसिंहाशी समझोता केला आणि शहाजीला पेन्शनवर बसवलं.

फ्रेंचांच्या बाजूचा माणूस तर थेट साताऱ्याहून आला होता. हे सांगितलं तेव्हा आत्या ताठ बसली. रघूजी भोसल्यांनी 1741 मध्ये तिरुचिरापल्ली घेतलं, तेव्हा तिथला चंदासाहेब, अर्काटच्या आधीच्या एका नवाबाचा जावई, याला कैद करून साताऱ्याला नेलं होतं. तिथे सुमारे सात वर्षं काढून, खंडणी ठरून, तो 1748 मध्ये सुटला. तहाचंच वर्ष. पुढच्या ऑगस्टात त्याने फ्रेंच पलटणीच्या जोरावर अंबूरला नवाब अन्वरुद्दीनला लढाईत मारलं, आणि त्याच सुमारास काही आठवड्यांच्या आत इकडे मद्रासच्या किल्ल्यावरचा फ्रेंच झेंडा तहाप्रमाणे, शिस्तीत उतरवला गेला. बॉस्कॉवेनने ताबा घेतला. जाता जाता त्याने शेजारचं सॅन थोमेही बळकावलं, ते तहात कुठेच नव्हतं.

"आणि चंदासाहेबाचं काय झालं?"

1752 मध्ये श्रीरंगमला तंजावरच्या सेनापतीने, माणकोजीने, त्याचा शिरच्छेद करवला. साताऱ्यातून सुटला तो पुन्हा मराठ्यांच्याच हाती लागला. आत्याने "अरेरे" केलं. कैदी असला तरी सात वर्षं आपल्या गावचं पाणी प्यायलेला माणूस.

लुईबर्ग इंग्रजांनी 1758 मध्ये परत जिंकलं आणि दोन वर्षांनी सुरुंग लावून त्याचे तट उडवले.

किल्ल्यातून आम्ही चालत हायकोर्टापर्यंत आलो. लाल विटांचे घुमट आत्याला आवडले. या जागेवर तेव्हा देशी लोकांची दाट वस्ती होती, विणकर, दुभाषी, व्यापारी. किल्ल्यालगतची घरं आडोशाला उपयोगी पडतात म्हणून फ्रेंचांनी त्यातली काही पाडली, आणि गाव परत मिळाल्यावर इंग्रजांनी त्याच कारणाने उरलेली. तोफांना समोर मोकळं मैदान हवं होतं. पुढे हद्द दाखवायला खांब रोवले, त्यातला एक पॅरीज कॉर्नरला अजून आहे, 1773 सालचा. आत्याला तो दाखवला. तिने त्याला हात लावून बघितला, पदराने बोटं पुसली आणि विचारलं, "घरं पाडली त्यांना पेट्या मिळाल्या का, त्या तिकडच्यांसारख्या?"

मग तिला लघवीला जायचं होतं, आणि पॅरीज कॉर्नरला बाईमाणसाने कुठे जावं हा प्रश्न घेऊन आम्ही पुढचा अर्धा तास हिंडलो.