तुम्ही विचारलंत म्हणून: बातमी चांगली होती, मग प्रवेशिका मागे का पडली?

६ जानेवारीचा पत्रकार दिन जवळ आला की नागपुरातल्या तरुण बातमीदारांकडून हा प्रश्न हमखास येतो. बातमीची चर्चा झाली, प्रशासन हललं, तरी पुरस्काराच्या यादीत नाव नाही. बहुतेक वेळा बातमी कमी पडलेली नसते. परीक्षकासमोर ती पोचते तेव्हा तिच्यामागची मेहनत गळून गेलेली असते, आणि ही गळती बातमी छापून आली त्याच दिवशी सुरू होते.

आधी कात्रणाचं बोलू. समजा, नाग नदीच्या पाण्यावर पाच भागांची मालिका आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडे जाणारी डाक आवृत्ती लवकर सुटते, शहर आवृत्ती रात्री उशिरा. दोन्हींत मथळा वेगळा, कधी मजकूर दोन परिच्छेदांनी कमी. वर्षअखेरीला घाईत हाताला लागतं ते डाक आवृत्तीचं कात्रण, आणि त्यात नेमकी अधिकाऱ्याची प्रतिक्रिया कापलेली असते. परीक्षक म्हणतो, बातमी एकतर्फी आहे. म्हणून छापून आलं त्याच दिवशी शहर आवृत्तीचं पूर्ण पान जपून ठेवा: वर वृत्तपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक, सगळं दिसेल असं. नुसता चौकोन कापू नका. तारीख पेनानं लिहिलेल्या कात्रणावर कोणी का विश्वास ठेवावा? ई-पेपरची लिंक पुढे उघडेलच असं नाही, तेव्हा पानाची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून घ्या. वृत्तपत्राचा कागद वर्षभरात पिवळा पडतो. स्कॅन ताज्या अंकावरूनच करा, नाहीतर बारीक टाइपातला तक्ता वाचता येत नाही.

बातमीवर ‘विशेष प्रतिनिधी’ एवढंच असेल, तर ती तुमचीच असल्याचं संपादकांचं सही-शिक्क्याचं पत्र लागतं. ते तेव्हाच घ्या. वर्षभरात संपादक बदलतात.

खरी बाजी लागते ती सोबतच्या एका पानाच्या टिपणावर. बहुतेकजण त्यात बातमीचाच गोषवारा लिहितात. परीक्षक बातमी वाचणारच आहे, गोषवारा त्याला नको असतो. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: या बातमीआधी लोकांना काय माहीत नव्हतं, ते तुम्ही कसं मिळवलंत, आणि पुढे काय झालं. ‘कसं मिळवलंत’ इथे हात आखडता घेऊ नका. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून कोणत्या तारखेला दिला, ३० दिवसांत उत्तर आलं का, न आल्यावर पहिलं अपील कधी केलं, किती गावं फिरलात, किती नोंदवह्या स्वतः तपासल्या, हे तारखांसह लिहा. ‘अथक पाठपुरावा केला’ या वाक्यातून परीक्षकाला काहीच कळत नाही. अर्ज ते अपील यातले दोन-तीन महिने तारखांतून आपोआप दिसतात.

परिणामाबद्दल लिहिताना मात्र जपून. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं बातमीची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली असेल, तर आदेशाची प्रत जोडा. तो सर्वांत भक्कम पुरावा. पण तीन वर्तमानपत्रांनी लावून धरलेला विषय ‘केवळ आमच्या बातमीमुळे’ सुटला असं लिहिलंत, तर परीक्षकांमध्ये विषय जाणणारा एकजण असतोच. मग उरलेलं खरंही संशयात सापडतं.

बातमीत चूक झाली होती, दुरुस्ती छापावी लागली होती, कोणी आक्षेपाचं पत्र पाठवलं होतं? तेही जोडा. अमेरिकेतल्या पुलित्झर या पत्रकारिता पुरस्काराच्या नियमांत तर हे स्पष्ट आहे: अचूकतेला मिळालेलं गंभीर आव्हान आणि त्यावर तुम्ही दिलेलं उत्तर प्रवेशिकेसोबत द्यायचं. १९८१ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जॅनेट कूक यांचा लेख बनावट निघाला आणि पुलित्झर परत करावं लागलं, हे या क्षेत्रात सगळ्यांच्या लक्षात आहे.

पुलित्झरचं नाव निघालंच आहे, तर ‘इथून पाठवता येईल का?’ या जोडप्रश्नाचंही उत्तर देतो. १९१७ पासून कोलंबिया विद्यापीठातर्फे दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराला पत्रकारितेत पत्रकाराच्या नागरिकत्वाची अट नाही, पण काम अमेरिकेतल्या माध्यमात प्रसिद्ध झालेलं हवं. २०२० मध्ये काश्मीरच्या छायाचित्रांसाठी दार यासीन, मुख्तार खान आणि चन्नी आनंद यांना तो मिळाला, कारण ते असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेसाठी काम करत होते. नागपूरच्या मराठी दैनिकातली बातमी त्यात बसत नाही. आपल्यासाठी दारं वेगळी आहेत. ‘इंडियन एक्स्प्रेस’ समूहाच्या रामनाथ गोएंका पत्रकारिता पुरस्कारांत प्रादेशिक भाषांचा स्वतंत्र विभाग आहे. राज्य शासनाचा नागपूर विभागाचा पुरस्कार ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या नावे आहे. त्यासाठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबरमधलं लिखाण धरतात आणि अर्ज जिल्हा माहिती कार्यालयात जातो. यंदाच्या जाहिरातीत शेवटची तारीख आणि प्रतींची संख्या बघूनच संच बांधा, आणि एक जादा संच स्वतःकडे राहू द्या.

राष्ट्रीय पुरस्कारासाठी इंग्रजी अनुवाद करताना घात होतो तो शब्दांचा. ‘पांदण’ म्हणजे नुसता गावरस्ता नव्हे. शेतात बैलबंडी जायची ती वाट पावसात बुजली, तर कापूस शेतातच अडकतो. हे न कळलेल्या परीक्षकाला तुमची बातमी रस्त्याच्या खड्ड्यांची वाटते. पांदण, सातबारा, धानाचा चुकारा (विकलेल्या धानाचे मिळणारे पैसे) हे शब्द तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे एका ओळीत अर्थ द्या.

आणि अर्जातला नावांचा रकाना. गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरचीत किंवा भामरागडमध्ये मोटरसायकलवर फिरून पहिली माहिती आणणारा, मानधनावर काम करणारा तालुका वार्ताहर या रकान्यातून सहज सुटतो. त्याच्याशिवाय मालिका झालीच नसती, हे नागपूरच्या कार्यालयात सगळ्यांना माहीत असतं, पण सन्मानपत्रावर नाव येतं ते अर्जात लिहिलेलंच. नियम संयुक्त प्रवेशिका घेत असतील तर त्याचं नाव तुमच्या नावाशेजारी लिहा. घेत नसतील तर टिपणात, पहिल्या परिच्छेदात. पाकीट बंद करण्याआधी त्याला फोन करून नावाची वर्तनी विचारून घ्या.