तेहतिसाव्या पानावरचा शिक्का

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन आणि मग दिवसभर सार्वजनिक सत्यनारायण. परळ-लालबागच्या चाळीत वाढलेल्याला यापुढचं सांगायला नको. भटजींना त्या दिवशी सात-आठ चाळी उरकायच्या असत, त्यामुळे आमची पोथी कधी सकाळी अकराला लागायची तर कधी दुपारी तीनला. कलावतीने प्रसाद टाकला, नवरा नावेसकट बुडाला, प्रसाद खाल्ल्यावर पुन्हा वर आला, की लाउडस्पीकर मोकळा. तिथून हळदीकुंकवापर्यंतचा तास-दीड तास आम्हा पोरांचा. लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची सगळीकडेच असायची. आमच्या मंडळात ‘गोष्ट सांगा’ होतं.

अट एकच, गोष्ट मंडळाच्या वाचनालयातल्या पुस्तकातलीच हवी. वाचनालय म्हणजे तरी काय, व्यायामशाळेतलं एक लोखंडी कपाट. खालच्या कप्प्यात मुद्गल, वरच्या तीन कप्प्यांत पुस्तकं. किल्ली लायब्ररीवाल्या काकांच्या करगोट्याला. काका गिरणीत साचेवाले. रातपाळी करून आले की चार तास झोपायचे आणि मग पुस्तकं दुरुस्त करत बसायचे. मैद्याची खळ स्वतः शिजवायचे. झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद, त्यामुळे खळीला फिकट निळी झाक यायची. त्या पुस्तकांचा वास मला अजून कुठे आला नाही, आणि मी जुन्या पुस्तकांच्या मागे बराच फिरलोय. माटुंग्याला माहेश्वरी उद्यानाच्या फुटपाथवर तर मी पुस्तकं विकत घेण्याआधी हुंगतो. विक्रेत्यांना आता सवय झाली आहे.

काका प्रत्येक पुस्तकावर जांभळा शिक्का दोन ठिकाणी मारायचे. पहिल्या पानावर आणि तेहतिसाव्या. ‘पहिलं पान पोरं फाडतात रे मेल्या. तेहतिसावं कोण फाडायला जातो?’

त्या कपाटातले अर्धेअधिक साहस भा. रा. भागवतांचे होते. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकायचा, सायकलवर सुसाट सुटायचा आणि जिथे नाक खुपसू नये तिथे बरोबर खुपसायचा. आमच्या चाळीत एकाकडेही सायकल नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाच्या भाड्याने आणायची आणि पाच जणांनी वाटून घ्यायची. फास्टर फेणे एका पुस्तकात जेवढा सायकल चालवायचा तेवढी आम्ही पाच जणांनी मिळून अख्ख्या मे महिन्यात चालवली नसेल. पण त्याचं ‘ट्टॉक’ फुकट होतं. ते कसं काढायचं यावर मात्र एकमत नव्हतं. टाळूला जीभ चिकटवून एकदम सोडायची, असा एक पक्ष. गालाच्या बाजूने काढायचं, घोड्याला हाकतात तसं, असा दुसरा. एका वर्षी गोष्ट सांगणाऱ्या मुलीने माइकला तोंड लावून ‘ट्टॉक’ केलं आणि भोंग्यातून असा आवाज आला की समोरच्या चाळीतले लोक गॅलरीत आले.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आठच दिवसांनी पूजा. अडीच लाख कामगार घरी, त्यात आमच्या चाळीतले जवळजवळ सगळे. गिरणीचे भोंगे बंद, त्यामुळे किती वाजले ते कळेना. पूजा रद्द करावी असं काही जण म्हणाले, पण काका म्हणाले होऊ दे. शिऱ्यात केळं होतं, काजू नव्हते. मोठी माणसं एरवीसारखी आत-बाहेर न करता सतरंजीवर मांडी घालून बसून राहिली. जाणार कुठे? ‘गोष्ट सांगा’ला इतके श्रोते आधी कधी नव्हते.

मी तेव्हा चौथीत. माझ्याकडे ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ होतं, ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरून भागवतांनी मराठीत आणलेलं. एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि जाताना माणसांसकट जमिनीचा एक लचका उचलून नेतो. धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणतात हे मला तोवर माहीत नव्हतं. तो शब्दच मला इतका आवडला की मी घरी झाडूलाही शेंडेनक्षत्र म्हणायला लागलो आणि आईचा मार खाल्ला. घोटाळा एवढाच, की आमच्या प्रतीचा शेवटचा फर्मा गळालेला. सोळा पानं गायब. ऐन वेळेला गोष्ट संपली आणि पुढे नुसता दोरा लोंबत होता.

मी काकांना विचारलं, आता काय सांगू? त्यांनी मंडळाच्या फळ्याकडे बोट दाखवलं. त्यावर थकलेल्या वर्गणीची यादी असायची. त्या वर्षी ती कोणीच लिहिली नव्हती. ‘काढ,’ काका म्हणाले.

मी खडूने फळ्याचे सहा चौकोन केले. पहिल्यात शेंडेनक्षत्र. दुसऱ्यात ते लालबागवरून जातंय. तिसऱ्यात चाळ मुळासकट वर. चौथ्यात चाळ आकाशात, गॅलरीत वाळत घातलेल्या गोधड्या तशाच. पाचव्यात काका खाली वाकून विचारतायत, ‘पाणी किती वाजता येणार?’ सहावा चौकोन भरायला वेळच राहिला नाही. लोक हसले ते पाचव्यावर. माझ्या वडिलांना मी त्या आठवड्यात पहिल्यांदा हसताना बघितलं.

पुढच्या वर्षीच्या पूजेला स्पर्धेत चार मुलं होती. बाकीची घरं गावी गेली, काही कायमची.

नंतरच्या गोष्टी भराभर. १९८७ मध्ये दूरदर्शनवर फास्टर फेणे आला. सुमीत राघवनचं काम छान होतं, पण आमच्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकेक फेणे आधीच ठरून गेला होता आणि त्यांतला एकही दुसऱ्यासारखा नव्हता. २०१७ चा सिनेमा मी पाहिला. त्यात तो मोठा झालेला आहे. चांगला आहे सिनेमा, पण फेण्याने मोठं व्हायला नको होतं, हे माझं मत मी बदलणार नाही. चाळ पाडली. पुनर्विकासाच्या सामानात कपाट कुठेतरी गेलं आणि पुस्तकं बहुतेक रद्दीत. मी जाहिरातींची चित्रं काढत वीस-बावीस वर्षं घालवली.

मग टाळेबंदीत घरी बसून एक चित्रमालिका सुरू केली. वेबकॉमिक म्हणतात तिला आता. दर शुक्रवारी सहा चौकोन. चाळीतला हाफ पँटवाला पोरगा, त्याला शेवट नसलेली पुस्तकंच सापडतात. पोरं त्याला तेहतीस म्हणतात. का, ते मी कधीच सांगितलं नाही.

चाळीच्या जागी आता टॉवर आहे, पूजा पोडियमवर होते. जुने लोक बदलापूर, डोंबिवली, विरारहून येतात. दोन-तीन वर्षांपूर्वी एक बाई प्रसादाचा द्रोण घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. ‘तुमच्या त्या पोराचं नाव तेहतीस का आहे, मला माहीत आहे.’

मी म्हटलं, का?

‘शिक्का.’

माइकवर ट्टॉक करणारी ती हीच. संप लांबला तेव्हा ते लोक गावी गेले होते. वाचनालयाचं एक पुस्तक चुकून तिच्या दप्तरात गेलं आणि चाळीस वर्षं ते परत करायची तिला लाज वाटत होती. पिशवीतून तिने ते काढलं. खाकी कव्हर, कडा गेलेल्या. पहिलं पान नव्हतंच. आम्ही दोघांनी आधी तेहतिसावं पान उघडलं. शिक्का फिका पडून गुलाबी झाला होता. मग दोघांनीही पुस्तक नाकाला लावलं.

तेव्हापासून ‘गोष्ट सांगा’ पुन्हा सुरू झालं. आता चाळीचे नसलेलेही येतात, मालिका वाचणारे. त्यांच्या पिशव्यांतून बालभारतीचे जुने ‘किशोर’ निघतात, इंद्रजालचे वेताळ निघतात, टाचण्या गंजलेले. कोणी कोणाला नाव विचारायच्या आधी ‘तुझ्याकडे कुठला आहे?’ असं विचारतं. मुलं या म्हाताऱ्यांकडे जरा काळजीने बघतात.

गेल्या पूजेला कॉलेजातली एक मुलगी आली होती. तिने शेंडेनक्षत्राची मूळ कादंबरी वाचलेली, १८७७ ची. तिने सांगितलं, उचललेल्या त्या तुकड्यावर सूर्य पश्चिमेला उगवतो आणि दिवस निम्म्यावर येतो. माणसं उड्या मारली की उंच जातात. एका खडकावर इंग्रज अधिकारी अडकलेत, पण ते आपले बुद्धिबळ खेळत बसलेत. शेवटी शेंडेनक्षत्र फिरून पृथ्वीजवळ येतं तेव्हा मंडळी शिडांच्या कापडाचा फुगा करून त्यातून खाली उतरतात. आणि इथे कोणाला काही पत्ताच नसतो.

‘म्हणजे कोणीच विश्वास ठेवत नाही?’ एका लहान मुलाने विचारलं.

काका पुढच्या खुर्चीवर होते. आता ऐंशीच्या पुढे आहेत, कानाला यंत्र. ‘बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘मी गिरणीतून आलो तेव्हाही असंच झालं होतं.’ मोठी माणसं हसली. मुलांना कळलं नाही.

मग काकांनी तिला विचारलं, ‘ते बुद्धिबळवाले उतरतात का?’

ती सांगायला लागली तसा त्यांनी हात वर केला. ‘थांब बाय. तू नको सांगू.’ काठी माझ्याकडे वळली. ‘तुझा सहावा चौकोन राहिलाय.’

मी काही बोलणार तोच हळदीकुंकवासाठी माइक मागायला बायका आल्या.