सांबारवाल्या बाई

दिवाळी अंकाला लेख पाठवला की चार दिवसांत संपादकांचा निरोप येतो, ‘ताई, पन्नास शब्दांत परिचय पाठवा.’ हजार शब्दांचा लेख माझ्याकडून दोन रात्रींत होतो. हे पन्नास मात्र आठवडा खातात.

एका वर्षी मी कंटाळा केला, पाठवलाच नाही. मग अंकात छापून आलं, ‘लेखिका गृहिणी असून दोन मुलांच्या आई आहेत. लेखनाची आवड.’ आता ह्यात खोटं काय आहे? काहीच नाही. पण ती ‘आवड’ मला खुपली. आवड पाणीपुरीची असते. रात्री अकराला ओटा पुसून, जेवणाच्या टेबलावरचा लेकाचा भूगोल बाजूला सारून जी बाई लिहायला बसते, तिला खोड आहे म्हणा हवं तर.

यंदाचा निरोप आला तो नेमका तान्ह्या पोळ्याला. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, पोळा बैलांचा, दुसरा दिवस पोरांचा. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली ही प्रथा सुरू केली असं सांगतात. पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर फिरवतात आणि आपण त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, ठेवायचा. त्याच दिवशी इकडे नागपूरच्या महाल-इतवारीत काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. जे जे नको ते तिच्या गळ्यात घालायचं आणि ओरडायचं, ‘रोगराई घेऊन जा गे मारबत!’ मीही गॅसपाशी उभी राहून पुटपुटले, ‘परिचय घेऊन जा गे मारबत.’

ती काही नेत नाही. बसले लिहायला. ‘वास्तव्य नागपूर’ इथवर गाडी सुरळीत गेली. पुढे काय? आमच्या झिरो माइलच्या दगडाचं बरं आहे. त्याच्यावर जबलपूर किती मैल, छिंदवाडा किती मैल एवढंच कोरलंय. स्वतःबद्दल अक्षर नाही, तरी सगळं शहर त्याला ओळखतं.

माझी ओळख झाली ती एका शब्दानं, आणि तीही चुकून. दोनेक वर्षांपूर्वी मी एका लेखात सहज लिहून गेले, ‘वीस रुपयांचा सांबार आणला, तीन पाण्यांनी धुतला आणि जुन्या धोतरावर रात्रभर पसरून ठेवला.’ साताऱ्याच्या एका काकूंचं कार्ड आलं, ‘सांबार धुतात कसा? आणि धोतरावर? इडलीचं काय केलंत?’

हसून हसून पुरेवाट झाली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे जगाला ठाऊक असेल असं मी धरूनच चालले होते! मग काकूंना सांबारवडीवर चार पानी उत्तर लिहिलं. सांबार पार कोरडा हवा, ओला राहिला की वडी तेलात फुटते. बारीक चिरून त्यात तीळ, खसखस, खोबऱ्याचा कीस, असली तर चारोळी. बेसनाच्या पारीला आतून चिंचेचा कोळ आणि गरम मसाला चोपडायचा, मग पाकिटासारखी घडी घालून तळायची. सोबत कढी. काकूंनी केली. फुटली. पुन्हा केली. आता त्या मला दर हिवाळ्यात वडीचा अहवाल पाठवतात.

त्या लेखावर आणखीही पत्रं आली. वणीच्या माहेरवाशीण एक बाई पुण्यात पंचवीस वर्षं आहेत. लिहितात, भाजीवाल्यापुढे उभं राहिलं की अजून आधी सांबारच तोंडात येतो, मग तो गिळून कोथिंबीर म्हणावं लागतं. हे पत्र मी दोनदा वाचलं. एका निवृत्त मास्तरांनी मात्र माझ्या ‘काय करून राहिली’ला लाल शाईनं गोल केला आणि ‘हे मराठी नव्हे’ असा शेरा मारला. सर, हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. जबलपूर-रायपूरची माणसं इथे कचेऱ्यांत येत-जात होती, हिंदी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली. आम्ही आलू आणि टमाटर खातो, पातेल्याला गंज म्हणतो, आणि काम करत नाही, करून राहतो. त्याला माझा इलाज नाही. लाल शाई मात्र जपून ठेवलीय. इतक्या बारकाईनं मला अजून कोणी वाचलेलं नाही.

तर परिचय तसाच अर्धा पडलेला आणि दार वाजलं. दोन पोट्टे, एक नंदी. नंदीचं एक चाक निघालेलं, म्हणून तो काखेत. मी बोजारा आणायला आत वळले, तोवर मागून कुजबुज.

‘ह्या कोण आहे बे?’

‘अबे, आपल्या चष्मिसची आई. डब्यात सांबारवडी देते ना, त्या.’

‘अच्छा!’

‘लिहिते बी म्हणे काहीतरी.’

‘काय लिहिते?’

‘काय माहीत.’

दोघांना वीस-वीस रुपये दिले, नंदीच्या कपाळी कुंकू लावलं आणि आत येऊन तेच संपादकांना पाठवून दिलं. ‘बे’ तेवढा गाळला.